शुभेच्छुक, समस्त परिवार

जाहिरात करायची म्हटलं की आमच्या घरात प्रत्येकाला एकच चिंता पडायची, आपलं नाव कितव्या ओळीत येणार. काय आहे, कुणासाठी आहे, यायचं कुठे, किती वाजता, या किरकोळ गोष्टी नंतर. आधी नावं. आणि ह्या सगळ्या वेडेपणात घरातली सुशिक्षित बाई म्हणून मिरवणारी मी सगळ्यात पुढे होते, हे आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला हसायला संकोच वाटायला नको.

पंचवटीत आमच्या घराच्या तळमजल्यावर, गल्लीकडे तोंड करून एक गाळा आहे. नव्वदच्या दशकात लेक कॉलेजात गेली आणि मी त्या गाळ्यात फिजिओथेरपी सेंटर काढलं. लग्नाआधी मुंबईला शिकलेली विद्या होती. मधली सगळी वर्षं ती कणकेत मुरत पडली होती. ती झटकून काढली, भिंतीला खांद्यासाठीचं चाक लावलं, छताला दोरी-कप्पी टांगली, एक शेकाचं मशीन आणलं आणि सत्यनारायण घातला. प्रसादाला सगळी गल्ली आली. दुसऱ्या दिवशी कुणी नाही.

मग जे येत ते शटरमधून डोकं घालून विचारत, "मालिश इथंच का?" एका आजोबांनी तर घरून तिळाच्या तेलाची बाटली आणली होती. मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. स्नायू, सांधे, मज्जातंतू. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं. मग आता पालथा झोपू का?"

तेव्हा मी ठरवलं की लोकांना जागं करायला हवं. जाहिरात हवी. गल्लीतल्या केबलवाल्याकडे दुपारच्या सिनेमात मध्येच स्थिर चित्रं दाखवत. साड्यांचं दुकान, शिकवण्या, हरवलेला पोपट. त्यात आपलंही एक. मजकूर अर्थातच मी लिहिला. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेली बाई मी, दुसरं कोण लिहिणार?

"वेदनेच्या काळोखात आशेचा एक कवडसा!"

मागे उगवता सूर्य. त्या काळी माझं उद्गारचिन्हावर फार प्रेम होतं. चहा दे म्हणतानासुद्धा मी मनात एक देऊन ठेवत असे.

कागद घरात फिरला. यजमानांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण भारदस्त नाही. घराण्याचं काहीतरी यायला पाहिजे." माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, ते तर लगेच पेन घेऊन बसले. "वहिनी, खाली शुभेच्छुक टाका. समस्त परिवार. आणि आत्याबाईंचं नाव स्वतंत्र घ्या, मागच्या बारशाच्या पत्रिकेत राहिलं तर अजून बोलत नाहीत." आत्याबाई आल्या म्हणून मामा आले. मामा आले म्हणून सटाण्याचे कांदेवाले व्याही आले. जागा संपली तेव्हा केबलवाला म्हणाला, काहीतरी काढा. सगळ्यांनी मिळून विचार केला आणि काढलं काय, तर 'फिजिओथेरपी'. "सेंटर म्हटलं की कळतं लोकांना," भावजी म्हणाले. सेंटर उघडण्याची वेळही काढली. आणि मी, निबंधवाली, हो म्हणाले! कारण माझा कवडसा शाबूत होता.

आठवडाभर ते चित्र लागलं. त्यानंतर एक गृहस्थ सोवळ्याचं धोतर नेसून, स्वतःचं आसन काखेत घेऊन आले. दारात चपला काढून त्यांनी विचारलं, "ताई, प्रवचन किती वाजता?"

त्यांच्या पाठीला बाक होता म्हणून मी त्यांना निदान व्यायाम तरी शिकवले. त्यांनी ते नमस्कार समजून केले असावेत.

असो. सेंटर चाललं ते जाहिरातीने नाहीच. पंचवटीतले दोन-तीन हाडांचे डॉक्टर चिठ्ठी लिहून पेशंट पाठवत, त्यावर चाललं. द्राक्षबागांत मांडवाखाली दिवसभर हात वर करून मणी विरळणाऱ्या बायका येत. बाजारात भाज्यांच्या वाट्यांपुढे उकिडव्या बसून कंबर गेलेल्या येत. मी त्यांना प्रश्न विचारत असे, त्या मला माहेरच्या गोष्टी सांगत, आणि त्यातून खांदा कुठे अडलाय ते कळे. माझं तोंड आणि माझे हात मिळून बरं काम करत होते. फक्त लेखणीला कुणीतरी आवरायला हवं होतं.

पुढे दोन हजार सालानंतर, बऱ्याच वर्षांनी, नदीपलीकडे एक मोठं हॉस्पिटल झालं. काचेचं दार, आपोआप उघडणारं. व्यायामाचा विभाग त्यांचा त्यांच्यातच. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्या दारातून आत जायला लागल्या आणि माझ्या शटरपुढे रिक्षावाले सावलीला उभे राहायला लागले.

त्या दिवाळीत, फराळाच्या ताटावर, भावजींनी विषय काढला. "वहिनी, राग मानू नका. पण गाळा रिकामाच असतो. मोबाइलचं दुकान टाकावं म्हणतो मी. रिचार्ज, सिमकार्ड, कव्हरं. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे."

"आणि सगळ्यांना खांदे आहेत," मी म्हटलं.

"आहेत ना. पण ते तुमच्याकडे कुठे आणतात?"

गाळा दोघा भावांचा. भावजींचं बोलणं खोटं नव्हतं, हाच तर ताप. यजमानांनी चकली मोडत निवाडा दिला, "पाडव्यापर्यंत बघू. गुढीपाडव्याला गाळ्यात हिच्याकडे पेशंट असतील तर हिचा, नसतील तर तुझा." माझी धाकटी जाऊ, भावजींची बायको, लाडू वाढत होती. त्या वर्षी तिने लांबसडक केस खांद्यापर्यंत कापून घेतले होते. मी रागात होतेच, तिला टोमणा मारला, "दुकान टाकायच्या आधीच फॅशन सुरू झाली वाटतं?" ती हसली आणि डाव्या हाताने लाडू वाढून आत गेली.

माझी लेक तेव्हा पुण्यात संगणकाची नोकरी करत होती. दिवाळीला आली होती. तिने मला त्या साइटवर खातं काढून दिलं, जिथे तेव्हा सगळी तरुण मंडळी एकमेकांच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे छोटे निरोप, टाकत. "आई, इथे फुकट जाहिरात होते. लिही. पण निबंध नको."

"मग काय?"

"कामाचं लिही."

एवढंच सांगून ती बस पकडून गेली. कामाचं म्हणजे काय, हे मला कळायला हिवाळा अर्धा संपला.

संगणक वरच्या मजल्यावर, भावजींच्या बिऱ्हाडात होता. त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, जाताना तो मागे ठेवून गेला. म्हणजे ज्यांना माझा गाळा हवा होता त्यांच्याच घरात बसून मी गाळा वाचवत होते. रोज दुपारी मी जिना चढायचे, जाऊ चहा द्यायची आणि शेजारच्या खुर्चीवर मटार सोलत बसायची. मराठी अक्षरं तिथे उमटवायला मला येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. माझा 'कवडसा' तर असा दिसायला लागला की तो स्वतःच पेशंट वाटावा.

पहिल्यांदा मी उद्घाटनाचा जुना फोटो टाकला. हार, नारळ, सगळं कुटुंब, आत्याबाई मधोमध. फोटोत खांद्याचं चाक होतं, पण त्याच्यापुढे मामा उभे होते. मग यजमान म्हणाले, "रोज एक सुविचार टाक, लोकांना सवय लागते." सुविचार टाकले. मग कुणीतरी मला लुकलुकणारा गुलाब पाठवला, खाली 'शुभ सकाळ'. मला तो इतका आवडला की मी तसले गुलाब सगळ्यांना वाटत सुटले. संकष्टीला लुकलुकता गणपती, संक्रांतीला लुकलुकता तिळगूळ. "काकू, खूप छान!" अशी उत्तरं यायची. मी चढून जायचे. खाली गाळ्यात मात्र शेकाचं मशीन थंड आणि मी गरम.

एका अनोळखी तरुणाने लिहिलं, "हाय डियर, फ्रेंडशिप करणार का?" माझ्या फोटोच्या जागी गुलाब होता, त्याचा काय दोष. पण खरं सांगते, उत्तर न देता संगणक बंद केला आणि जाता जाता जिन्यातल्या आरशात जरा जास्त वेळ पाहिलं.

संक्रांतीनंतर लेकीचा फोन आला. "आई, तू काय चालवलंयस? तुझं पान म्हणजे वरातीचा घोडा झालाय. नुसते दिवे लुकलुकतात."

"लोकांना आवडतं."

"कोणत्या लोकांना? त्यातला एक तरी आला का गाळ्यात?"

"ओळख वाढतेय हळूहळू."

"तुला ओळख वाढवायचीये की पेशंट हवेत? पाडवा जवळ आला. तू लिहितेस कुणासाठी, ते तरी बघ एकदा."

मी फोन आपटला. आजकालच्या मुली आईला शिकवतात, वगैरे मनात म्हणून घेतलं. आणि मग, दुसऱ्या दिवशी, चडफडत का होईना, बघायला बसले. त्या साइटवर नाशिककरांचा एक मोठा समूह होता, माझं सगळं लिखाण मी तिथेही ओतत असे. त्यातल्या एकेकाचं पान उघडून वाचलं. सगळे विशीतले. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरात, एक दुबईत. कुणी विचारत होतं, पुण्यात आपल्यासारखी मिसळ कुठे मिळते. कुणी रामकुंडाचा फोटो मागत होतं. ह्या पोरांना मी इतके दिवस गुडघेदुखीवर उपदेश आणि वार्धक्यावर सुविचार वाढत होते! त्यांचे गुडघे जिन्यावरून उड्या मारण्याच्या वयाचे. आणि ज्यांचे दुखत होते त्या बायकांनी संगणक पाहिला असेल तो मुलाने जाताना झाकून ठेवलेला.

मी कपाळावर हात मारला. तो आवाज ऐकून जाऊने विचारलं, "काय झालं ताई?"

"काही नाही. वांग्याच्या भरतावर बर्फ घालत होते आजवर."

पण मग त्या पोरांची पानं वाचता वाचता दुसरंही दिसायला लागलं. प्रत्येकजण आठवड्यातून एकदा घरी फोन करत होता. घरून डबा आला की त्याचा फोटो टाकत होता. ह्यांचा खांदा दुखत नव्हता. ज्यांचा दुखत होता त्यांच्याशी दर रविवारी ही पोरं बोलत होती. आणि ती बाई फोनवर काय म्हणते, हे मला नीट ठाऊक होतं, कारण मीही तेच म्हणते. "मी बरी आहे, तू जेवलास का?"

मी खांदा दाखवायला आलेल्या बाईला पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचे. दुखतं का, असं कधीच नाही. दुखण्याला आमच्या बायका दुखणं म्हणत नाहीत. मी विचारायचे, अंबाडा तुमचा तुम्ही घालता का? हात डोक्यामागे जात नसेल तर त्यातच कळतं. इतकी वर्षं गाळ्यात रोज विचारलेला प्रश्न, आणि लिहायला बसले की मला आठवत काय होतं, तर कवडसा.

त्या दुपारी मी लिहिलं, जवळजवळ असं :

"रविवारी घरी फोन कराल तेव्हा आईला तब्येत विचारू नका, ती बरी आहे असंच सांगेल. तिला विचारा, तुझा अंबाडा तूच घालतेस ना? वेणी दुसरं कुणी घालून देत असेल, ब्लाउजचा हात घालताना ती थांबत असेल, वरच्या फळीवरचा डबा मागावा लागत असेल, तर तिचा खांदा धरला आहे. हे मालिशने जात नाही. व्यायामाने हळूहळू सुटतं, महिने लागतात. शहरात जिथे जवळ फिजिओथेरपी असेल तिथे न्या. पंचवटीत राहत असेल तर माझ्याकडे." खाली गल्लीची खूण, सकाळ-संध्याकाळची वेळ आणि बाई स्वतःच तपासतात, ही ओळ. बस्स. एकही उद्गारचिन्ह नाही. हात शिवशिवत होते.

यजमानांनी खाली छापून आणलेला कागद वाचला आणि नाराज झाले. "अंबाडा? सार्वजनिक ठिकाणी बायकांच्या अंबाड्याविषयी लिहितात का? आणि परिवाराचं नाव कुठाय?"

"परिवाराचा खांदा दुखतोय का?"

"तसं नव्हे, पण एक शुभेच्छुक तरी..."

"अहो, शुभेच्छा पुष्कळ झाल्या. आता माणसं येऊ देत."

भावजींनीही ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, पण दुकानासाठी नव्हे. पहिल्यांदाच आमच्या घरातून त्यांच्या नावावाचून काही बाहेर गेलं होतं.

सोमवारी सकाळी शटर उघडलं तर बाहेर एक बाई उभी. आडगावाकडची, फुलांच्या शेतीतली. चिडलेली. "तुम्हीच का त्या? आमच्या पोरानं रात्री फोन लावला, पुण्यावरनं. म्हणे आई, अंबाडा कोण घालतं तुझा? मी म्हटलं, मेल्या, अभ्यास सोडून आईच्या अंबाड्याच्या चौकश्या कशाला करतो? तर म्हणे, खरं सांग. आता खोटं कसं बोलू? पोरगीच घालून देती वर्ष झालं."

"बसा," मी म्हटलं. "हात वर करा. जाईल तितकाच."

गुरुवारी सटाण्याहून एक आल्या, मुलीने दुबईहून हट्ट धरला म्हणून आलेल्या. आत येताच पदर सावरत म्हणाल्या, "मना खांदा भलता दुखस, बाई. पण पोरले कसं समजनं?" पोरीला कसं कळलं, म्हणून त्या माझ्याकडेच संशयाने बघत होत्या, जणू मी त्यांच्या घरात डोकावून गेले होते.

गाळा एका दिवसात काही भरला नाही. पण येणारी प्रत्येक जण चिडून येत होती, आणि चिडून आलेला पेशंट परत जात नाही, एवढं मला माहीत होतं. कौतुक करणारे सगळे वर गुलाबाखाली बसले होते, त्यातलं कुणी कधी जिना उतरलं नाही.

होळीच्या सुमाराला एका रविवारी संध्याकाळी पुतण्याने मला फोन केला. आईला नव्हे, मला. "काकू, मी आईला विचारलं."

"काय?"

"तुम्ही लिहिलंय ते. ती म्हणाली अंबाडा घालतच नाही, केस कापले ना. मग मी विचारलं, का कापलेस? तर फोनच ठेवला तिने. काकू, तुम्ही बघा ना."

मी तशीच जिना चढले. जाऊ ओट्यापाशी उभी होती, डाव्या हाताने भाजी ढवळत. डाव्या हाताने! लाडू वाढले डाव्या हाताने, चहाचा कप दिला डाव्या हाताने, मटार मांडीवर घेऊन सोलले. रोज दुपारी तासभर मी तिच्या शेजारी बसून जगाला खांद्याविषयी सांगत होते.

"उजवा वर कर," मी म्हटलं.

"ताई, भाजी लागेल."

"लागू दे. वर कर."

हात खांद्याच्याही खालीच थांबला. तिने ओठ चावला.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून. वेणी घालता येईना. ह्यांना काय सांगणार, रोज वेणी घालून द्या म्हणून? कापून टाकले."

"आणि मी खाली शटर उघडून माशा मारत होते, मला सांगायला काय झालं होतं?"

ती माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. "तुमच्याकडे आले असते तर हे म्हणाले असते, तू वहिनींच्या बाजूने गेलीस. गाळ्याचं चाललेलं ना. मी म्हटलं, पाडवा होऊन जाऊ दे. मग जाईन पलीकडच्या हॉस्पिटलात."

मला इतका संताप आला की हसूच फुटलं. काचेच्या दारातून जाणार होती बया, घरचं शटर सोडून!

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी पहिली यायची. शेक, मग हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, मग भिंतीवर बोटं चढवायची, मग चाक. भावजी पहिले दोन दिवस गाळ्यासमोरून नुसते ये-जा करत राहिले. तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत खाली आले आणि दारात उभे राहून विचारलं, "वहिनी, ह्याला किती दिवस लागतात?"

"महिने म्हणा. साखर आहे तिला, म्हणून जरा जास्तच."

"म्हणजे पाडव्याच्या पुढे?"

"बऱ्याच पुढे."

ते गाळ्यात नजर फिरवत राहिले. खुर्च्यांवर आडगावच्या बाई आणि आणखी कुणी कुणी बसल्या होत्या, सगळ्या त्यांच्याकडे बघत. जाऊ चाक फिरवता फिरवता, मान न वळवता म्हणाली, "तुम्हाला मापं घ्यायची असतील दुकानाची तर नंतर या. आत्ता माझा नंबर आहे."

पाडव्याला भावजींनी मोबाइलचं दुकान टाकलं, पण भाजीबाजाराकडच्या कोपऱ्यावर, भाड्याच्या जागेत. आम्ही सगळे गेलो. दारावर मोठा फ्लेक्स. भावजींचा गॉगल घातलेला फोटो, वर गणपती, खाली शुभेच्छुक, समस्त परिवार, आत्याबाई स्वतंत्र, सटाण्याचे व्याही, आणि पहिल्या ओळीत माझं नाव, पदवीसकट. मी सगळा फ्लेक्स दोनदा वाचला. रिचार्ज मिळतं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"भावजी," मी म्हटलं, "दुकान कशाचं आहे ते राहिलं."

"वहिनी, लोकांना कळतं."

जाऊने उजव्या हाताने पेढ्याचा बॉक्स पुढे केला. खांद्याच्या उंचीपर्यंत हात आता येत होता. पुढच्या दिवाळीपर्यंत तो डोक्यामागेही जायला लागला. पण केस अजून अंबाडा राहील एवढे वाढले नव्हते. रोज सकाळी माझ्या आरशापुढे उभी राहून ती दोन्ही हात मागे नेई, केस मुठीत गोळा करी, आणि ते निसटले की चिडून मला म्हणे, "ताई, ह्याला काही व्यायाम आहे का हो?"